रिकाम्या जागी शून्य

"रिकाम्या जागी शून्य भरू नकोस, ऋजुता," वाकचौरे सर म्हणाले, तेव्हा मी एका हाताने पर्सची चेन लावत होते आणि दुसऱ्या हाताने कॉम्प्युटर बंद करत होते.

"नाही भरलं तर पुढचा तक्ता अडतो, सर. बेरीज होत नाही. सगळी स्क्रिप्ट तिथेच थांबते."

"थांबू दे की. थांबली म्हणजे कोणीतरी बघेल."

"कोण बघणार? मीच ना?"

सर हसले नाहीत. खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले, म्हणजे आणखी दहा मिनिटं गेलीच. तिकडे शेवंतामावशींच्या पाळणाघराच्या दारात माझी लेक घराकडे तोंड करून रडायला लागली असणार, कारण बाकीची मुलं आपापल्या आयांबरोबर निघून गेलेली असायची आणि माझी उरायची.

"शून्य म्हणजे पाऊस पडला नाही," सर सावकाश म्हणाले. "रिकामं म्हणजे आपल्याला माहीत नाही. तुझी ही स्क्रिप्ट माहीत नसलेलंही माहीत आहे म्हणून सांगते. समोर कागद आला तर शिक्का, नाही आला तरी शिक्का."

"सर, डिसेंबर चाललाय. पाऊस पडणार कुठून? रिकामं काय नि शून्य काय, उत्तर तेच ना?"

"आज तेच आहे."

"बरं, उद्या बदलते," मी म्हणाले आणि निघाले. माझ्याकडे असे बरेच उद्या साचलेले होते.

तेव्हा मी संगमनेरच्या बाजूला एका पाणलोट संस्थेत नोकरी करत होते. पदाचं नाव सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. काम म्हणजे मागच्या खोलीतली मशीनं चालू ठेवायची, बॅकअप घ्यायचे आणि कोणाचा प्रिंटर अडला की धावायचं. एकच गोष्ट रोज रोज हाताने करायचा मला पहिल्यापासून कंटाळा, म्हणून मी स्क्रिप्ट लिहायचे. आपण कामाला जाताना घरी चिठ्ठी लिहून ठेवतो ना, दूध तापव, कुकर लाव, झाकून ठेव, तशी कॉम्प्युटरला लिहून ठेवलेली चिठ्ठी. ठरलेल्या वेळी तो ती उघडतो आणि ओळीने कामं करत जातो. चिठ्ठीत जे लिहिलेलं नसतं, ते त्याला सुचत नाही.

संस्थेने डोंगरातल्या गावागावांत पर्जन्यमापक बसवले होते. प्रत्येक गावातला एक माणूस रोज सकाळी मापकातलं पाणी मोजायचा आणि आकडा मेसेजने आम्हाला कळवायचा. पाऊस नसला तरी 'शून्य' पाठवायचाच, हा वाकचौरे सरांचा दंडक. पूर्वी हे मेसेज सर स्वतः बघायचे. चहाचा कप, कानाला फोन आणि समोर गावांच्या नावांचा फळा. ज्याचा आकडा नाही त्याला फोन. "काय कोंडिबा, झोप लागली का? बरं, जनावर आजारी आहे होय! मग राहू द्या, उद्या पाठवा." त्यात त्यांची अर्धी सकाळ जायची. फोन संपले की गाईला वासरू झालं, कोणाच्या सुनेचं भांडण मिटलं, असलं सगळं ते आम्हाला सांगत बसायचे. आकडे राहायचे बाजूलाच.

सरांवर दुसरी जबाबदारी आली आणि फळा माझ्याकडे आला. सावी तेव्हा आठ महिन्यांची होती. ती रडली की निनाद, म्हणजे माझा नवरा, जागा व्हायचा. ती रडली नाही की मी जागी व्हायचे. उठायचं, पाळण्यात वाकायचं, तिच्या नाकाखाली बोट धरायचं, श्वास लागला की परत येऊन पडायचं. सकाळी ऑफिसात बसल्या बसल्या डोळे मिटायचे. अशा डोक्याने कोंडिबांच्या जनावराची चौकशी कोण करणार? मी स्क्रिप्ट लिहिली. सगळे मेसेज उचल, त्यातला आकडा काढ, गावापुढे मांड, तक्ता कर, संस्थेच्या साहेबांना मेल कर. सर्वांनी कौतुक केलं. सरांनीही केलं, पण त्यांच्या पद्धतीने: "पोरगी हुशार आहे. आळस आहे, पण हुशार आळस."

अडवलं फक्त लीलाताईंनी.

लीलाताई मुठे कारवाडीच्या. कारवाडी म्हणजे डोंगराच्या सोंडेवरची दहा-बारा घरं. जीप खालच्या गावापर्यंतच जाते, पुढे पायवाट. अंगणवाडीत नोकरी झाली, निवृत्त झाल्या, मुलगा नाशिकला, आणि या एकट्या तिथेच. वाडीत फोनला रेंज नाही. चढावर एक मोठा दगड आहे, त्यावर उभं राहिलं की मिळते. लीलाताई रोज मापक बघून त्या दगडापर्यंत चालत जायच्या आणि मेसेज पाठवायच्या. एवढं चालून गेल्यावर नुसता आकडा पाठवणं त्यांना जिवावर यायचं. 'पाऊस ०. कुंपणात ससा शिरला व्हता.' 'पाऊस ०. भिवाबाला आता अजिबात ऐकू येईना, हातवारे करते.' एकदा लिहिलं, 'भाचा ५ दिसांनी येतोय. पाऊस ०.' माझ्या स्क्रिप्टने पहिला दिसलेला आकडा उचलला. त्या दिवशी साहेबांच्या तक्त्यात कारवाडीला कोरड्या हिवाळ्यात पाच मिलिमीटर पाऊस.

सरांनी चष्मा वर केला. "लीलाताईंचा भाचा पडलाय वाटतं आभाळातून."

मी लीलाताईंना फोन लावत राहिले. दोन दिवसांनी त्या दगडावर असताना लागला. "ताई, नुसता आकडा पाठवत जा हो. मशीन वाचतं आता."

"मशीन वाचतं? मंग सर काय करतात?"

"सरांना दुसरं काम दिलंय."

"असं होय. पन नुसता आकडा कसा गं धाडायचा बाय? कोरडा कोरडा? मानूस भेटलं तं आधी ये-बस करतो का न्हाई?"

"बरं, मग आकडा आधी लिहा. मागून काय लिहायचं ते लिहा."

त्यांनी ते पाळलं. मीही स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: पहिला आकडा घे, बाकी सोडून दे. त्याच्याच खाली ती दुसरी ओळ: मेसेज सापडला नाही तर शून्य धर. दोन्ही ओळी मिळून माझी सकाळ मोकळी झाली. जानेवारीभर तक्ता रोज वेळेवर जात होता. सगळ्या गावांपुढे शून्य, स्वच्छ, एकाखाली एक. मी तो उघडूनही बघायचं सोडलं.

मग एका सकाळी उठले तर गॅलरीतले कपडे ओलेचिंब. अवकाळी पाऊस होऊन गेला होता. नेमकं त्याच दिवशी शेवंतामावशींकडे कार्य होतं, म्हणून सावीला कडेवर घेऊनच ऑफिस गाठलं. तिला सर्दी. माझ्या खांद्यावर तिच्या नाकाचा ओघळ.

सर माझ्या आधी येऊन कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर उभे होते.

"घाटाकडच्या सगळ्या गावांत झोडपलाय. चौदा, अकरा, सतरा. आणि हे बघ, कारवाडी. शून्य."

"मापक तुंबलं असेल, सर. पाला अडकला असेल."

"लीलाताईचं मापक? ती देवाआधी ते पुसते."

"मग डोंगराच्या त्या अंगाला पडला नसेल."

"खाली पायथ्याला चौदा आणि वर माथ्यावर कोरडं? आभाळाने काय छत्री धरली होती?" सर माझ्याकडे वळले. "ऋजुता, हे शून्य तिने पाठवलंय का?"

मी सावीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मूळ मेसेज उघडले. कारवाडी शोधलं. आजचा नव्हता. कालचा नव्हता. त्याच्या आदल्या दिवशीचाही नव्हता. सावी कीबोर्डवर हात आपटत होती, मी तिचा हात बाजूला करत एकेक दिवस मागे जात होते. मागे गेल्यावर शेवटचा सापडला. '० जरा भोवळल्यासारखं व्हतंय. बाकी बरं.'

तक्त्यात त्या दिवशीही शून्यच होतं. आणि त्यानंतरच्या दिवसांत आणि त्या दिवसात काडीचा फरक दिसत नव्हता.

सरांनी फोन लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' तो तर नेहमीच असायचा. मग खालच्या गावातल्या दुकानदाराला लावला. "अरे सोपान, लीलाताई दिसल्या का इतक्यात? नाही? वाडीत कोण आहे? सगळी कांद्याला गेली?" त्यांनी फोन खिशात टाकला. "वाडीतली माणसं मजुरीला नारायणगावकडे गेलीत. वर एक तो भिवाबा आणि ही."

"सर, कदाचित मुलाकडे गेल्या असतील."

"न सांगता? ती ससा आला तर सांगते."

त्यांनी जीपची किल्ली उचलली. मी सावीकडे बघितलं.

"तिलाही घे," सर म्हणाले.

जीपमध्ये सावी माझ्या मांडीवर झोपली, आणि मी सवयीने तिच्या नाकाखाली बोट धरून बसले. खालच्या गावात सोपान दुकानाच्या पायरीवर वाट बघत होता. "मी आनतो मानसं मागून, तुम्ही व्हा म्होरं," म्हणाला. मी ओढणीने सावीला पोटाशी बांधलं. पायवाट पावसाने निसरडी झाली होती. सरांचे गुडघे दुखायचे, ते दर वळणाला थांबत होते आणि मला हाताने पुढे जा म्हणत होते. वर चढताना तो दगड लागला. त्याच्या अंगाला चढायला दोन खाचा पाडलेल्या होत्या, पायांनी गुळगुळीत झालेल्या. मला वाटत होतं, घराशी पोचूच नये. आणि पाय तर थांबत नव्हते.

वाडीत दारं बंद, कुलपं लावलेली. एकाच घराच्या ओट्यावर एक म्हातारा उकिडवा बसला होता. मला बघून तो उठला आणि काही न विचारता आत बघत मोठ्याने ओरडला, "आली! लीला, आली तुव्ही मानसं!"

आत अंधार. चुलीजवळ अंथरुणावर लीलाताई आडव्या. चेहरा बसलेला, ओठ फुटलेले, पण केस विंचरून बांधलेले. एक पाय बाहेरच्या बाजूला विचित्र वळलेला. उशाशी पाण्याचा तांब्या आणि मापकाबरोबरची काचेची नळी.

"आजचा सोळा हाये," त्या म्हणाल्या. आवाज खोल गेलेला. "भिवाबाला हातवारे करून नळी आनवली, हितं डोळ्याम्होरं धरून बघितली. आदीचे सगळे शून्य. लिहून घे बाय, नायतर इसरायचे."

मी त्यांच्याजवळ बसले. "कधी पडलात, ताई?"

"मापक बघाया निघाले न् वट्यावरच भोवळ आली. पाय असा खाली दुमडला. भिवाबानं वढत आत आनलं. तो पानी देतो, भाकर करतो कच्ची-पक्की. डोंगर उतरायचं त्याच्यानं व्हत न्हाई आता." त्यांनी जरा दम घेतला. "म्या त्याला खुणेनं सांगितलं, घाबरू नको. मव्हा आकडा न्हाई गेला म्हंजे तिकडून कोनीतरी येनार. सरांनी मापक बसवताना शब्दच दिलाय तसा. पयल्या दिशी तं मी तोंडबिंड धुऊन बसले. म्हनलं, दुपारच्या आत येत्यात."

तोवर सर दारात येऊन पोचले होते. चौकट धरून धापा टाकत उभे राहिले. पुढे आले नाहीत.

"मंग म्हनलं, आज कामं असतील. उद्या येत्यात." लीलाताईंनी सरांकडे बघून मान हलवली. "लय कामं असत्यात तुम्हाला."

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. बोलायचं ते मलाच बोलायचं होतं.

"ताई, तुमचा आकडा आला नाही हे आम्हाला कळलंच नाही. मशीन रिकाम्या जागी शून्य भरत होतं."

त्यांना ते नीट कळलं नाही. "कोनाच्या जागी?"

"तुमच्या. मेसेज नसला की मशीन आपलं आपण शून्य लिहायचं."

"म्या न धाडता?"

"हो."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खरंच काहीतरी समजून घ्यायचं असावं, अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"मंग मी रोज दगडापोत कशाला जात व्हते गं?"

ओढणीत सावी जागी झाली आणि अनोळखी अंधार बघून तिने भोकाड पसरलं. लीलाताईंनी हात वर केला, तिचा लोंबणारा पाय धरला.

"ही कोन? तुव्ही? हिला सर्दी झालीय की. वव्याची पुरचुंडी बांध गळ्यात." मग भिवाबाकडे बघून हातवारे केले, पाळणा हलवल्यासारखे. म्हातारा बोळक्या तोंडाने हसला.

सोपान चार माणसं घेऊन आला. घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली आणि लीलाताईंना उतरवलं. उतारावर प्रत्येक धक्क्याला त्या दात आवळायच्या आणि धक्का सरला की झोळी धरणाऱ्याला सांगायच्या, "तू सुमनचा ना रं? अंगनवाडीत लय रडायचास." तो बिचारा वजनाने घामाघूम आणि लाजेने लाल. दगडाजवळ आल्यावर त्यांनी थांबायला लावलं. सरांकडून फोन मागून घेतला आणि मुलाला लावला. "पडलेय जरा. न्हाई रं, घाबरू नको. संस्थेची मानसं आलीत."

खुब्याचं हाड मोडलं होतं. नाशिकला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर सांगता येत नव्हतं. हाड जमलं, पण डोंगर चढायचा पाय काही परत आला नाही. लीलाताई मुलाकडेच राहिल्या. कारवाडीचं मापक खालच्या गावात हलवलं.

कारवाडीहून परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, पर्सही खाली ठेवायच्या आधी, मी ती ओळ काढली. आता मेसेज नसला की त्या खान्यात नुसती आडवी रेघ पडते, तक्ता पुढे जात नाही, आणि माझा फोन वाजतो. मेसेजात आकड्यामागे जे शब्द असतात ते स्क्रिप्ट फेकून देत नाही, वेगळे काढून माझ्यासमोर मांडते.

सर मागे येऊन उभे राहिले. सावी माझ्या मांडीवर होती, गळ्यात ओव्याची पुरचुंडी.

"आता थांबते का?"

"थांबते."

"मग कोण बघतं?"

"मी."

त्यांनी सावीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या टेबलाकडे गेले. त्या विषयावर पुढे आम्ही कधी बोललो नाही. काही वर्षांनी ते निवृत्त झाले. फळा अजून माझ्याच मागच्या भिंतीवर आहे. रोज दोन-तीन गावांपुढे रेघ पडते. बहुतेक वेळा रिचार्ज संपलेलं असतं. तरी मी फोन करते, आणि मग वासरू झालेलं कळतं. माझी अर्धी सकाळ जाते. दमायला होतं. सावी आता चौथीत आहे, तरी तिच्या खोलीतून फार वेळ आवाज आला नाही की मी उठून बघते. ती चिडते.

लीलाताईंना नाशिकला चौथ्या मजल्यावर मापक नाही. पण सवय सुटलेली नाही. रोज सकाळी वॉकर घेऊन त्या गॅलरीत जातात, आभाळ बघतात आणि मला मेसेज करतात, माझ्या स्वतःच्या नंबरवर. '० खालच्या आंब्याला मोहर धरलाय.' '० सूनबाईनं मेथी आनली, निवडत बसलेय.' पावसाळ्यात अंदाजाने काहीतरी लिहितात, '१२ असंल.' मी ते कुठल्याच तक्त्यात घेत नाही. वाचते आणि उत्तर देते.

आज दुपार टळली. अजून आलेला नाही.

नातवाने गेम खेळायला फोन घेतला असेल. चार्जिंग संपलं असेल. असंच काहीतरी असेल. तरी मी फोन लावते आहे.

तोवर तुम्ही एक करा. रोज सकाळी फुलांचं चित्र आणि खाली 'सुप्रभात' पाठवणारं तुमचंही कोणी असेल. आत्या, निवृत्त झालेले शेजारी, जुन्या शाळेतल्या बाई. कंटाळून तुम्ही त्यांचा आवाज कधीचा बंद करून ठेवला असेल. आज त्यांचं फूल आलंय का, तेवढं उघडून बघा. कालचं आलं होतं का, परवाचं? आलं नसेल, तर मेसेज नको, फोनच करा. उचलेपर्यंत धरून ठेवा.

मी धरलाय. रिंग जातेय.